परभणीहून लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन गंगेकाठी: कुठं जायचं, कुठं पाण्यात पाय घालायचा नाही

ताई, तुमचा प्रश्न असाय की डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून सासरी परभणीला येताय, सोबत पाच आणि अकरा वर्षांची दोन लेकरं, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, त्यात आईंचे गुडघे दुखतात, हाताशी चार दिवस, आणि गोदावरीच्या बाजूनं घरच्या सगळ्यांना झेपेल असं कुठं फिरता येईल, बोटिंग आहे का, लेकरांना नदीत खेळू द्यावं का. वरून नातेवाईक म्हणायलेत की इकडं बघण्यासारखं काही नाही. मी शाळेची मुलं आणि कुटुंबं घेऊन नदीकाठी, तळ्याकाठी पक्षी बघायला बरीच वर्षं फिरतोय म्हणून जरा लांब लिहितो, वेळ नसेल तर पाण्याबद्दलचं तेवढं तरी पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी, एका दिवशी एकच काठ धरा. इकडं फिरायला निघालेली माणसं सकाळी औंढा, दुपारी नांदेड, येताना अजून दोन देवळं असा बेत करतात आणि मग दिवसभर गाडीतच जातो, रस्त्याची कामं चालू असली की धूळ खात, लहान लेकरू उलट्या करतं, आजी गाडीतून उतरायलाच तयार होत नाही, आणि रात्री सगळे म्हणतात की खरंच इकडं काही नाही. नदीवर काही दिसायचं तर तिथं दोन-तीन तास बसावं लागतं. पहिला अर्धा तास लेकरं कंटाळतात, मोबाईल मागतात, त्याला घाबरू नका, देऊ पण नका, अर्ध्या तासानंतर ती आपोआप खाली बघायला लागतात.

आता पाणी. गंगा (इकडं गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात) डिसेंबरात एकदम शांत दिसते, आणि तिथंच शहरातून आलेली माणसं फसतात. पैठणच्या खाली नांदेडपर्यंत नदीवर जागोजागी उच्च पातळी बंधारे आहेत, ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, पुढं दिग्रस, त्यामुळं पावसाळ्यानंतर पाणी वाहतं कमी आणि साचून जास्त असतं. त्या पाण्याखाली वाळू उपशाचे खड्डे आहेत. काठापासून चार पावलं गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला दोन पुरुष खोल, वरून काही म्हणता काही कळत नाही, पोहणारा माणूस पण तिथं गडबडतो कारण खड्ड्याची कड वाळूची असते, पाय टेकला की ढासळते. म्हणून माझा नियम सरळ आहे, नदीच्या मोकळ्या पात्रात लेकरांना उतरवायचं नाही, घोट्याएवढ्या पाण्यात पण नाही. पाणी खेळायचंच असेल तर बांधलेल्या घाटाच्या वरच्या पायरीवर, तुमचा हात त्यांच्या दंडाला, आणि पायरीवर शेवाळ आहे का ते आधी स्वतः चालून बघायचं.

नदीपेक्षा मला जास्त भीती कालव्याची वाटते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे आणि तो परभणी जिल्ह्यापर्यंत येतो, रब्बीत त्याला आवर्तन सुटतं, म्हणजे नेमकं तुम्ही याल तेव्हा तो भरून वाहत असू शकतो. रस्त्याच्या कडेला स्वच्छ निळसर पाणी दिसलं की लोक गाडी थांबवून हात-पाय धुवायला उतरतात. त्याच्या बाजू उतरत्या, अस्तरावर शेवाळ, आणि ओढ इतकी की आत गेलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. कालव्याजवळ गाडी थांबवूच नका, फोटोला पण नाही.

तिसरं म्हणजे गाळ. धरणाचं पाणी जसं मागं सरकतं तसा काठ उघडा पडतो, वरून वाळून भेगा पडलेला, चालायला पक्का वाटतो आणि मधेच पाय गुडघ्यापर्यंत आत. काळ्या मातीचा गाळ आहे, चप्पल तर सोडत नाहीच. जिथं गाळपेऱ्याचं (उघड्या पडलेल्या गाळात पेरलेलं) पीक उभं आहे, गहू, हरभरा, तिथपर्यंत जमीन सहसा धरते, त्याच्यापुढं पाण्याकडं जायचं असेल तर तिथल्या शेतकऱ्याला विचारून आणि त्याच्या पायवाटेनंच, पिकात न घुसता.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी एवढंच, इथं ऊन पडलेलं असताना पूर येतो. पाऊस नाशिककडं पडतो, वरची धरणं भरतात, ते पाणी जायकवाडीत येतं आणि तिथून सोडलं की खालच्या गावांत वाढतं. जुलै ते सप्टेंबर मी लहान लेकरं घेऊन पात्रात कुणाला नेत नाही.

सोबत एक वस्तू ठेवा, खर्च काही नाही. पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला, त्याच्या कडीला पंधरा मीटर जाड नायलॉनची दोरी. कुणी पाण्यात गेलं तर आपण उडी मारायची नाही, हा कॅन फेकायचा आणि काठावर आडवं पडून ओढायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं ११२ ला फोन लावायचा. बुडालेल्या एकाला काढायला गेलेले दुसरे दोघं जातात हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. आणि पाण्याजवळ असताना एक मोठा माणूस फक्त लेकरांकडं बघायला, त्याच्या हातात फोन नाही, गप्पा नाहीत, अर्ध्या तासानं दुसऱ्याची पाळी. दहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि असंच घडतं.

बोटिंगचं विचारलंत. मासेमार लोक थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी टाकायला जातात आणि आग्रह केला तर शंभर-दोनशे रुपयांत कुणी एखादा फिरवून पण आणेल, पण ती त्यांची रोजीरोटीची वस्तू आहे, पाच वर्षांच्या लेकराला त्यावर बसवायचं नाही. कुठं रीतसर बोट चालू असलीच तर लाइफ जॅकेट लेकराच्या मापाचं आहे का बघा. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर जातं आणि लेकरू खालून निसटतं. मापाचं नसेल तर बसायचं नाही.

एवढं झालं की मग फिरा बिनघोर.

पहिल्या दिवशी गाडी घरी ठेवा आणि परभणीहून रेल्वेनं गंगाखेडला जा. तासाभराचा प्रवास आहे, टाईमटेबल आदल्या दिवशी बघून घ्या कारण परतीची गाडी चुकली की स्टेशनवर बसावं लागतं. गंगाखेड यायच्या आधी गाडी गंगेच्या पुलावरून जाते, लेकरांना खिडकी द्या (हात बाहेर नाही), डब्यातली म्हातारी माणसं हात जोडतात, कुणी नाणं टाकतं, पुलाखाली वाळू, डोह, धुणं धुणाऱ्या बाया असं सगळं एका नजरेत दिसतं. पुण्याच्या पोरांना नदी म्हणजे मुठा माहितीय, त्यांना हे पात्र बघू द्या. स्टेशनवरून ऑटो करून काठावर, गंगाखेड हे जनाबाईचं गाव, तिचं मंदिर आहे, आजी-आजोबांचा वेळ तिथं छान जातो. घाट कधी स्वच्छ असतो कधी नसतो, निर्माल्य आणि प्लास्टिक दिसेल, मन घट्ट करून थोडं बाजूला सरका.

इथं लेकरांना दोन कामं द्या. एक, कवड्या खंड्या शोधायचा. काळा-पांढरा ठिपक्याठिपक्यांचा, मैनेपेक्षा थोडा मोठा, तो पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो, चोच खाली रोखलेली, आणि मग दगड टाकल्यासारखा सरळ पाण्यात. लेकरांनी आकडे मोजायचे, किती मोजेपर्यंत तो थांबला, सूर मारल्यावर मासा मिळाला का रिकामाच वर आला. बहुतेक वेळा रिकामाच येतो आणि परत थांबतो. माझ्याबरोबर आलेल्या किती तरी पोरांनी घरी गेल्यावर आईला पहिली हीच गोष्ट सांगितलीय. दुर्बीण लागत नाही, नाव पाठ असायची गरज नाही, आजोबांना पण बसल्या जागेवरून दिसतं.

दुसरं, गारगोट्या. जिथं वाळू आणि गोटे उघडे आहेत, पाण्यापासून चांगलं लांब, तिथं पांढरे, दुधी, पिवळसर, पट्ट्यापट्ट्यांचे दगड सापडतात. आपला बहुतेक मराठवाडा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या खडकावर बसलाय, त्या खडकातल्या पोकळ्यांत हे तयार झाले आणि नदीनं घासून घासून इथं आणून टाकले. पैठणजवळच्या मुंगीला गंगेच्या अशाच जुन्या गोट्यांच्या थरात एकोणिसाव्या शतकात आदिमानवाचं अवजार सापडलेलं आहे, अकीकाचंच. दोन चांगल्या गारगोट्या घरी आणा, रात्री खोलीत पूर्ण अंधार करा आणि एकमेकींवर जोरात घासा, आतून पिवळसर-केशरी उजेड येतो आणि जळाल्यासारखा वास. अकरा वर्षांचा असेल त्याला हे दाखवलं की तो दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी उठतो. दोन-चारच घ्या, पिशवी भरून नको.

दुसरा दिवस शेतात, आणि माझ्या मते चारही दिवसांत हाच दिवस सगळ्यात मोलाचा. कॅलेंडर काढून मार्गशीर्ष अमावस्या कधीय ते बघा. ती तुमच्या सुट्टीत येत असली तर बाकीचं सगळं रद्द करा, कारण ती येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, वावरात पूजा मांडून तिथंच जेवायचा सण. लातूर, धाराशिवकडं तर त्या दिवशी शहरं रिकामी होतात, सगळे वावरात, आणि गंगाखेड, अंबाजोगाई, नांदेडच्या काही भागातपण करतात. कडब्याची कोप (खोपटं), आत मांडलेली लक्ष्मी आणि पांडव, रंगवलेल्या माठातून आणलेलं आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नाही बरं का, पालेभाज्या, तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे असं शेतातलं सगळं एकत्र शिजवून बेसन लावून केलेली, वर्षातून तेवढ्या एका दिवशी तशी होते. अनोळखी माणूस बांधावरून चालला तरी हाक मारून जेवायला बसवतात. तुमच्या सासरच्यांपैकी कुणाचं ना कुणाचं वावर तिकडं असणारच, फोन करून विचारा, लोकांना आनंद होतो.

तिथी जुळत नसेल तर हुरडा. डिसेंबरच्या शेवटी नुकता सुरू होतो, खरा भर जानेवारीत, म्हणून ज्वारीची पेरणी लवकर झालेलं वावर शोधायला सांगा. आजकाल हुरडा पार्टीची ठिकाणं झालीत, झोके, ट्रॅक्टर, डीजे सगळं असतं, लेकरांना मजा येते हे खरं पण डीजे नसलेलं बघा. आखाड्यावर (वावरातल्या वस्तीवर) आगटी पेटवून गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे काढायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. चोळायचं काम लेकरांना द्या, हात भाजतात थोडे, भाजू द्या. आजीला बाज टाकून द्या उन्हात, ती दिवसभर तिथंच रमते. एक सांगतो, कोवळा हुरडा पोटभर खाऊन वर ढसाढसा पाणी प्यायलं की लहान पोरांचं पोट दुखतं, ताक द्या.

वावरात विहीर असतेच, बऱ्याच विहिरींना कठडा नसतो. पोचल्या पोचल्या लेकरांना हात धरून विहीर दाखवून आणा, आत वाकून बघू द्या, पाणी किती खोल आहे, पारवे कसे राहतात, बाभळीला लटकलेले सुगरणीचे रिकामे खोपे. लेकरांनी एकदा नीट बघितलेली विहीर परत गुपचूप बघायला ती जात नाहीत, नुसतं 'तिकडं जायचं नाही' म्हटलं की हमखास जातात.

नांदेडला जायचं तर तो एक पूर्ण दिवस द्या, परभणीहून रेल्वेनंही होतं. सचखंड गुरुद्वारा, गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ मध्ये जिथं निर्वाण झालं ते ठिकाण, आताची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधवून घेतलेली. डोकं झाकायला रुमाल सगळ्यांना हवा, लंगरमध्ये लेकरांना पंगतीत बसवा. मग दुपारची विश्रांती आणि उन्हं कलल्यावर विष्णुपुरीला काळेश्वर मंदिर, अगदी जलाशयाच्या काठावर आहे. पायऱ्या आहेत, आईंच्या गुडघ्यांना त्रास वाटला तर त्यांना वरच बसवा, पाणी वरूनही दिसतं.

येलदरी, सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरची धरणं जिंतूर-औंढ्याच्या बाजूला आहेत, गर्दी कमी, औंढा नागनाथ सोबत होतं, पण धरणावर सावली आणि सोयी फार नाहीत, म्हातारी माणसं सोबत असताना मी हे चौथ्या नंबरला ठेवीन. पाथरीकडचं मुदगल, पात्रातलं मुद्गलेश्वराचं मंदिर, ते पाणी किती आहे हे गावात विचारूनच.

आता नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. परभणीहून एका दिवसात जाऊन येऊन करू नका, फार लांब आहे. पुण्याला परत जाताना वाट थोडी वाकडी करून पैठणला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी शेवगाव, अहिल्यानगरमार्गे पुणे गाठा. या धरणाची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, भिंत दहा किलोमीटरची, २७ दरवाजे, आणि जलाशयाचा भाग १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. भिंतीवर सुरक्षेमुळं सोडत नाहीत. तिथल्या ज्ञानेश्वर उद्यानाच्या भरवशावर लेकरांना कारंजी कबूल करू नका, चालू आहे का हे आधी पैठणमध्ये फोन करून विचारा.

पक्षी बघायचे तर सूर्य उगवायच्या वेळी काठावर पाहिजे. पाठीवर उन्ह घेऊन उभं राहायचं म्हणजे पक्ष्यांचे रंग दिसतात, समोर सूर्य असला की सगळे काळेच. चक्रवाक जोडीजोडीनं असतात, नारिंगी अंग, आवाज लांबून ओळखू येतो. वारकरी म्हणजे बदकासारखे दिसणारे काळे पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, शेकड्यांनी. पट्ट्यांच्या डोक्याचे राजहंस दिसले तर लेकरांना सांगा हे हिमालय ओलांडून आलेत, खरंच ओलांडून. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतीलच असं मात्र लेकरांना सांगू नका. धरण काठोकाठ भरलेलं असलं की उथळ पाणी फार राहत नाही आणि चिखलात चरणारे पक्षी लांब पांगतात, पाणी उतरत जातं तसे फेब्रुवारी-मार्चकडं ते जवळून दिसायला लागतात. म्हणजे ज्या वर्षी मराठवाड्याला पाणी भरपूर, त्या वर्षी डिसेंबरात पक्षी लांब. वन विभागाच्या माणसांना किंवा काठावरच्या मच्छीमारांना विचारा की सध्या थवा कुठं बसतोय, त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. थव्याच्या अंगावर पळत जायचं नाही, उडवून फोटो काढायचे नाहीत, ड्रोन तर अजिबात नाही. उडाला की त्याची खायची सकाळ गेली.

लेकरांना ओल्या चिखलाच्या कडेला (वर सांगितलेली काळजी घेऊन) ठसे बघायला लावा. बगळ्याचे लांब बोटांचे, मुंगसाचे, कोल्ह्या-कुत्र्याचे, खेकड्याच्या बिळापुढच्या गोळ्या. वहीत काढायला सांगा, मोठा काढेल, धाकटा नुसत्या रेघोट्या मारेल, चालतंय.

दुपारी पैठण गावात. नाथांचा वाडा, समाधी, आणि वाळवंटात उभं राहून लेकरांना ती गोष्ट सांगा, तापलेल्या वाळूत रडणारं लेकरू नाथांनी कडेवर उचलून घेतलं ती. पैठणीचा माग चालू असलेलं ठिकाण बघा, एका मोरासाठी किती वेळा धागा हातानं आत-बाहेर करावा लागतो ते बघून तुमची अकरा वर्षांची पोरगी असो की पोरगा, गप्प बसून बघतं. विकत घ्यायची सक्ती नाही.

बाकी किरकोळ पण महत्त्वाचं. बायकांची सगळ्यात मोठी अडचण स्वच्छतागृहाची, काठावर कुठंच भरवसा नाही, म्हणून निघताना आणि गावातल्या पेट्रोल पंपावर आठवणीनं, आणि आजी त्यासाठी पाणीच पीत नाही, तिला पाणी प्यायला लावा. आईंसाठी घडीचा स्टूल घ्या, सतरंजीवर बसलं की उठता येत नाही. पहाटे चांगलाच गारठा आणि अकरानंतर टळटळीत ऊन, म्हणून स्वेटर आणि टोपी दोन्ही. कपडे मातकट, हिरवे, लाल-पांढरे नको. पुलाखाली, जुन्या देवळाच्या कळसाला आग्या मोहोळ असतं, तिथं दगड मारणं, धूर करणं, उग्र सेंट नको. जेवण बाहेर शोधत बसू नका, धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, दशम्या घरून, दोन वेळचं टिकतं.

दुर्बीण घ्यायचा विचार असेल तर ८ बाय ४२ घ्या, १० वाली लेकरांच्या हातात हलते आणि काहीच नीट दिसत नाही. पाच वर्षांच्या लेकराला ४२ वाली जड होते, त्याला ८ बाय २५ ची छोटी चालेल. डिसेंबरच्या आधी घेऊन घरच्या गॅलरीतून कावळे-पारव्यांवर हात बसवून घ्या, इथं येऊन डबा उघडला तर फोकस करण्यातच सकाळ जाईल. तारखा पक्क्या झाल्या की कळवा, गंगाखेडकडं त्या आठवड्यात हुरडा आलाय का आणि बंधाऱ्यात पाणी किती आहे ते विचारून सांगतो.